डबी नवं काही घेईना

भुवनेश्वरी : पुन्हा तेच आलं, भाऊजी. परमिशन डिनाइड.

पंचाक्षरी : फोन स्पीकरवर ठेवलाय ना? आता कीबोर्डवरचा हात काढा आणि टीव्हीवर जे दिसतंय ते शब्दाला शब्द वाचा. घाई करू नका, वहिनी.

भुवनेश्वरी : घाई हाय म्हणूनच तर फोन केला. हे बघा. ई, मग दोन टिंबं. कुड नॉट ओपन लॉक फाइल. पुढं वार, लिब, एपीटी असलं कायतरी लांबलचक. मग कंसात तेरा, अन् तेराच्या पुढं परमिशन डिनाइड.

पंचाक्षरी : मी व्हॉट्सअॅपवर ओळ पाठवली, तिच्या सुरुवातीला सुडो होतं. एस, यू, डी, ओ. ते लिहिलंत का?

भुवनेश्वरी : न्हाई. मला वाटलं, ते कुणाचं तरी नाव हाय. म्हणून सोडलं.

पंचाक्षरी : बरं केलंत! अहो, तेच तर मुख्य. असं समजा, त्या डबीत एक घरमालक असतो आणि बाकीचे पाहुणे. पाहुण्यानं बसावं, चहा प्यावा, पण भिंतीत खिळा ठोकू नये. सुडो लिहिलं म्हणजे मालकाच्या हक्कानं सांगितलं, ठोक खिळा.

महालिंगप्पा : कोण खिळा ठोकायलंय?

भुवनेश्वरी : कुणी न्हाई, अप्पा. बसा तुमी.

महालिंगप्पा : बसलोच हाय. दुपारपस्नं टीव्ही लावलास, बातम्या बी लावंनास. त्या डबीचं काय करायलाव तुमी दोघं?

पंचाक्षरी : शरणार्थी, अप्पा, नमस्कार करतो. मी पंचाक्षरी, तुळजापूरचा.

महालिंगप्पा : शरणार्थी. आवाज वळखतो की तुझा. माझ्या पोरासंगं, उमासंगं आयटीआयला होतास, शनवारी हिथं येऊन गव्हाची गोड हुग्गी खायचास ताटभर. अन् आता फोनवरच बोलतोस. ये की हिकडं.

पंचाक्षरी : आज पौर्णिमा आहे, अप्पा. गावात मुंगीला जागा नाही. दुकानासमोर तीन गाड्या आडव्या लागल्यात. उद्या येतो, नक्की.

महालिंगप्पा : उद्या ये, हुग्गी खा, अन् जा. डबीला हात लावू नको. चांगली चालतीया. सकाळी सातला बोलली, सांच्याला सातला बोलंल.

भुवनेश्वरी : तीच तर अडचण हाय, अप्पा.

पंचाक्षरी : थांबा, वहिनी. मलाही नीट कळू द्या. डबी बोलतेय, मग अडलंय कुठं? तुम्ही नुसतं 'आजच्या आज बदलायचंय' एवढंच लिहिलं होतं.

भुवनेश्वरी : अप्पांची नजर गेली तवा ह्यांनी डबी बसवली, ते तुम्हाला म्हाईतच हाय. सकाळी सात अन् सांच्याला सात, ह्यांच्याच आवाजात सांगती, कुठल्या गोळ्या घ्यायच्या. गोळी घेतली की खालचं मोठं बटण दाबायचं.

पंचाक्षरी : आतला छोट्या कॉम्प्युटरचा बोर्ड मीच दिला होता त्याला. मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून मोबाइलवर बघून बघून शिकला गडी. दिवसाला दहा फोन करायचा. मी म्हणायचो, उम्या, माझं डोकं खाऊ नको, बायकोचं खा.

भुवनेश्वरी : ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. डबी अजून त्याच गोळ्या सांगती. अन् महिन्यापूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी त्या बंद केल्या. किडनी कमजोर झालीय, त्या गोळीनं साखर एकदम खाली जाती, म्हणले. आता पांढऱ्या दोन न्हाईत. पिवळी एक, ती बी जेवल्यावर.

पंचाक्षरी : मग तुम्ही पिवळी देता की.

भुवनेश्वरी : माझ्या हातानं देते. तरी मंगळवारी अप्पा अंगणात पडले. घामानं लुगडं पिळावं तसा सदरा झाला होता, तोंडातनं शब्द फुटंना. साखर अठ्ठेचाळीस. दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर मलाच रागं भरले, म्हणले, बाई, तुम्हाला गोळ्या मोजता येत न्हाईत का? अन् आज गाद्या उन्हात टाकल्या, तर उशीच्या खोळीत पांढऱ्या गोळ्यांची पट्टी.

महालिंगप्पा : उशी माझी हाय.

भुवनेश्वरी : उशी तुमचीच हाय, अप्पा. गोळ्या कुणी आणून दिल्या?

महालिंगप्पा : शेजारच्या शांतलिंगनं. मेडिकल त्याच्या वाटेवरच हाय. त्याला बोल लावू नको, म्याच सांगितलं.

पंचाक्षरी : म्हणजे, अप्पा, तुम्ही दोन्ही घेत होता? पांढऱ्याही आणि पिवळीही?

महालिंगप्पा : पांढऱ्या त्यो सांगतो म्हणून. पिवळी ही देती म्हणून. कुणाचं मन मोडायचं?

भुवनेश्वरी : ऐकलंत, भाऊजी? महिनाभर हे चाललंय. सात वाजता पांढऱ्या दोन गिळायच्या, अन् जेवल्यावर माझ्यापुढं शहाण्यासारखा हात करायचा.

पंचाक्षरी : अप्पा, जीव गेला असता की हो.

महालिंगप्पा : गेला न्हाय न्हवं.

पंचाक्षरी : वहिनी, लिहा सुडो. हे आधी उरकून घेऊ. मोबाइलवर डबीतली वाक्यं बदलायचं पान उघडत नाही ना, त्याचं कारण आतलं सगळं सामान जुनं झालंय. ते नवीन करून घेतलं की तुमच्या फोनवरूनच वाक्य बदलता येईल. सुडो, मग मोकळी जागा, मग ए, पी, टी, जागा, अपडेट.

भुवनेश्वरी : लिहिलं. एंटर मारलं.

पंचाक्षरी : पासवर्ड मागतेय?

भुवनेश्वरी : न्हाई. पुन्हा तीच ओळ आली, भाऊजी. कुड नॉट ओपन लॉक फाइल.

पंचाक्षरी : अगदी तीच? कंसातला आकडा बघा.

भुवनेश्वरी : तेराच अस… थांबा. तीस हाय. तीस. अन् पुढं परमिशन न्हाई आता. रीड ओन्ली फाइल सिस्टिम.

महालिंगप्पा : तेराचं तीस झालं म्हंजे वाढलं का घटलं?

भुवनेश्वरी : भाऊजी? आता काय करू?

पंचाक्षरी : आणखी एक ओळ सांगतो, तेवढी करून बघू. सुडो, जागा, माउंट. एम, ओ, यू, एन, टी. मग आडवी रेघ आणि ओ. मग रिमाउंट, स्वल्पविराम, आर, डब्ल्यू. मग जागा सोडून एक तिरपी रेघ. झालं? दाबा.

भुवनेश्वरी : कॅनॉट रिमाउंट. शेवटाला राइट प्रोटेक्टेड.

पंचाक्षरी : हं.

भुवनेश्वरी : हं म्हणून भागत न्हाई. साडेसहा होत आले. काय झालंय ते सांगा.

पंचाक्षरी : आता हक्काचा प्रश्न राहिलेला नाही, वहिनी. मालकानं सांगितलं तरी ती ऐकणार नाही. डबीच्या आत नखाएवढं कार्ड असतं, सगळं त्याच्यावर लिहिलेलं. ते झिजलंय. झिजलं की ते स्वतःहूनच नवीन काही घ्यायचं थांबवतं, म्हणजे निदान जुनं तरी वाचावं. आहे ते वाचून दाखवेल. पण एक अक्षर बदलू देणार नाही, पुसूही देणार नाही.

भुवनेश्वरी : म्हणजे आज सातला पांढऱ्या दोनच सांगणार.

पंचाक्षरी : कार्ड चालतंय तोवर रोज तेच सांगणार. उद्या मी नवीन कार्ड घेऊन येतो. जुन्यातलं सगळं उतरवून घेतो.

महालिंगप्पा : उमाचा आवाज जाईल का रे त्याच्यात?

पंचाक्षरी : नाही जाणार. पण डबी बंद करू नका हं. आता बंद केली तर पुन्हा उठेल याची मी खात्री देत नाही. लाईट गेली तर?

भुवनेश्वरी : इन्व्हर्टरला जोडलीय. ह्यांनीच जोडून ठेवली होती.

पंचाक्षरी : झालं मग. एकदा आवाज नीट वाचता येतायत का ते बघून घेऊ. लिहा, एल, एस, जागा, ए, डब्ल्यू, ए, ए, जे.

भुवनेश्वरी : आलं. नावं आलीत. गोळी सकाळ एक. गोळी सकाळ दोन. गोळी सकाळ तीन. मग गोळी सांज एक, सांज दोन, सांज तीन. एक ऊन म्हणून हाय, कोवळ्या उन्हात फिरा म्हणते, ती. ही दोन-तीन कशाला?

पंचाक्षरी : बटण दाबलं नाही तर पाच मिनिटांनी दुसरी हाक, आणखी पाच मिनिटांनी तिसरी. तसं करून घेतलं होतं त्यानं माझ्याकडून.

भुवनेश्वरी : आम्ही कधी ऐकलीच न्हाई. अप्पा पहिल्या हाकेलाच बटण दाबतेत.

महालिंगप्पा : पोरगं एकदा बोललं की ऐकावं. तीनदा बोलायला लावायचं व्हय?

भुवनेश्वरी : दवाखान्यात होतो तवा रिकाम्या घरात बोलून गेली असंल.

पंचाक्षरी : वहिनी, एक सुचलंय. बोलू का? आजकाल आवाजाचे चार तुकडे दिले की कॉम्प्युटर त्याच आवाजात नवीन वाक्य म्हणून देतो. उम्याचा आवाज आहेच आपल्याकडं. 'पिवळी एक, जेवल्यावर.' त्याच्याच आवाजात. अप्पांना फरकसुद्धा कळणार नाही.

महालिंगप्पा : खरं म्हणतोस? माझ्या उमाच्या आवाजात?

पंचाक्षरी : अगदी उमाच्या.

महालिंगप्पा : मग कर की बाबा! एवढा येळ तेरा अन् तीस करत बसलाव. हे आदी सांगायचं न्हाय का?

भुवनेश्वरी : न्हाई.

महालिंगप्पा : काय न्हाई?

भुवनेश्वरी : असलं काही करायचं न्हाई, भाऊजी. जे हे कधी बोललेच न्हाईत, ते ह्यांच्या तोंडात घालायचं न्हाई.

महालिंगप्पा : तोंड कुठं राहिलंय त्याला? आवाजच तेवढा राहिलाय.

भुवनेश्वरी : मग तेवढा तरी खरा राहू द्या.

महालिंगप्पा : तुला त्याचा आवाज नकोच हाय. ठाऊक हाय मला. सात वाजायला आलं की तू उठून गोठ्यात जातीस. रोज जातीस. दिसत नसलं तरी चपलांचा आवाज येतो मला.

भुवनेश्वरी : जाते.

महालिंगप्पा : का जातीस? तुझा नवरा बोलायलाय, अन् तू शेण काढतीस?

भुवनेश्वरी : तुमच्याशी बोलतेत ते, अप्पा. सकाळी तुमच्याशी, सांच्याला तुमच्याशी. चौदा महिन्यांत एकदा तरी माझं नाव निघालं का त्या डबीतनं? मी हितं चुलीपाशी भाकरी थापत असते, अन् माझा माणूस भिंतीवरनं अप्पा अप्पा करतो. मी जशी घरात न्हाईच. ते सोसत न्हाई म्हणून जाते. म्हशीपाशी उभी राहते. ती काय विचारत न्हाई.

पंचाक्षरी : वहिनी, मी थोड्या वेळानं फोन करू का?

भुवनेश्वरी : ठेवू नका. कुणीतरी तिसरं असल्याबिगर आमचं दोघांचं बोलणंच होत न्हाई. अप्पा, आता गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा. डॉक्टरांनी पांढऱ्या बंद केल्या, ते मी दोनदा समजावलं होतं. तुम्हाला कळलं होतं का न्हवतं?

महालिंगप्पा : कळलं होतं.

भुवनेश्वरी : मग कामून घेतल्या?

महालिंगप्पा : बटण दाबावं लागतं.

भुवनेश्वरी : मग नुसतंच दाबायचं. गोळी न घेता. कोण बघायलंय?

महालिंगप्पा : त्याला खोटं सांगू व्हय?

पंचाक्षरी : अप्पा, अहो, ते रेकॉर्डिंग आहे.

महालिंगप्पा : म्हाईत हाय रे. डोळं गेल्यात माझं, अक्कल न्हाय गेली. रेकॉर्डिंग हाय ते म्हाईत हाय. पण एकडाव म्या त्याचं ऐकलं न्हाय. तवापस्नं ठरिवलंय, आता त्यो सांगंल ते ऐकायचं.

पंचाक्षरी : कधी ऐकलं नाही?

भुवनेश्वरी : अप्पा, राहू द्या ते.

महालिंगप्पा : राहूच दिलंय की चौदा महिने. ऐक, पंचाक्षरी. त्या दिवशी दिवेलागणीला दुकानातनं आला. माझ्या शेजारी बसला. म्हणला, अप्पा, छातीत कसंतरीच हुतंय, सोलापूरला जाऊन यावं का? म्या काय म्हणलं? म्हणलं, पित्त असंल. आता कुठं गाडी हुडकत फिरतोस, ओवा खा अन् पड, सकाळी बघू. पोरगं शहाणं, सगळ्या अणदूर गावाच्या मोटारी दुरुस्त करायचं, पण बापाचं ऐकलं. पडला जाऊन. सकाळ काय त्यानं बघितली न्हाय. मळ्यात माती दिली त्याला, म्या हातानं चाचपून भस्म लावलं. त्यानं माझं ऐकलं, म्या त्याचं ऐकलं न्हाय. आता त्यो म्हणतो पांढऱ्या दोन. म्या कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?

भुवनेश्वरी : ओवा मीच दिला, अप्पा.

महालिंगप्पा : आँ?

भुवनेश्वरी : तुमी म्हणलात, मी दिला. ओवा अन् कोमट पाणी. वरनं ह्यांना म्हणलं, अप्पा बरोबर म्हणतेत, झोपा. घाम येत होता ह्यांना. तुम्हाला दिसत न्हवतं. मला दिसत होतं. तरी म्हणलं झोपा. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तपासणी होती, माझ्या डोक्यात नुसती रजिस्टरं फिरत होती.

महालिंगप्पा : कधी बोलली न्हाईस.

भुवनेश्वरी : तुमी तरी कुठं बोललाव? मला वाटायचं, तुमी मनातनं मलाच बोल लावत असताव. म्हणून माझ्या हातची गोळी तुम्हाला पटत न्हाई.

महालिंगप्पा : अय्यो शिवा. तसं न्हाय गं, पोरी. तुला कशाला बोल लावू? मला वाटायचं, तू मला लावतीस.

भुवनेश्वरी : लावत होते. खोटं कशाला सांगू? रागाच्या दिवशी तुम्हाला लावायची, बाकीच्या दिवशी मला.

पंचाक्षरी : माझ्या फोनवर एक मिस कॉल पडला होता त्याचा, त्या संध्याकाळी. मला वाटलं, परत डबीचं काहीतरी विचारत असेल. मी उचललाच नाही. जाऊ दे. पावणेसात झाले. आजच्यापुरतं असं करा, वहिनी, स्पीकरची वायर काढून ठेवा. डबी आत आत बोलेल, बाहेर ऐकू येणार नाही.

भुवनेश्वरी : काढते.

महालिंगप्पा : काढू नको.

भुवनेश्वरी : अप्पा, आता पुन्हा…

महालिंगप्पा : त्यो हाका मारत बसंल अन् ऐकायला कुणीच न्हाय? तसं नको. वायर राहू दे. म्या ऐकंन. ऐकंन, अन् घेणार न्हाय. लिंगाला हात लावून सांगतो.

भुवनेश्वरी : अन् बटण?

महालिंगप्पा : घेतलीच न्हाय तर बटण कशाला दाबू?

पंचाक्षरी : मग तीनदा हाक येणार, अप्पा. जमेल का तुम्हाला?

महालिंगप्पा : बघतो. पंचाक्षरी, उद्या नव्या कार्डात त्या पांढऱ्या दोन घेऊ नको. बाकीचं राहू दे. त्यो उन्हात फिरा म्हणतो, ते राहू दे.

पंचाक्षरी : घेत नाही. पुसणारही नाही, बाजूला जपून ठेवतो. वाजणार नाही एवढंच.

महालिंगप्पा : अन् पिवळीचं कुणी सांगायचं?

पंचाक्षरी : वहिनी सांगतील. उद्या त्यांचाच आवाज भरू की.

भुवनेश्वरी : माझा आवाज कोण ऐकतंय? महिनाभर सांगतेयच.

पंचाक्षरी : उद्या बघू ते. दुकानात माणसं थांबलीत, वहिनी. सकाळी नऊपर्यंत पोचतो. काही वाटलं तर रिंग द्या, मी उचलतो.

(सात वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. फोन बंद झाला आहे.)

महालिंगप्पा : गोठ्यात न्हाय गेलीस?

भुवनेश्वरी : न्हाई. आज बसते हितंच.

महालिंगप्पा : तुला तरास हुईल.

भुवनेश्वरी : तुम्हाला काय सोपं जाणार हाय?

महालिंगप्पा : पट्टी काढून घेतलीस न्हवं? सगळ्या?

भुवनेश्वरी : सगळ्या. का? अजून कुठं हायत?

महालिंगप्पा : कोनाड्यात, विभूतीच्या डब्याखाली. चार हायत. त्या बी घे.

भुवनेश्वरी : अप्पा! बरं, घेतल्या. बसा आता.

डबी : अप्पा, सात वाजले. जेवायच्या आधी पांढऱ्या दोन. घेतल्या की बटण दाबा.

महालिंगप्पा : न्हाय रे, बाळा. आज न्हाय.

भुवनेश्वरी : हात पुढं चाललाय तुमचा. हिकडं द्या.

महालिंगप्पा : सवय झालीया गं त्याला. आपसूक बटणाकडं जातो. धर घट्ट.

भुवनेश्वरी : धरलाय.

महालिंगप्पा : त्याच्या आवाजाला आज सर्दी वाटली का तुला?

भुवनेश्वरी : रेकॉर्डिंग केलं तवा खरंच सर्दी होती ह्यांना. पावसाळा होता. दोन दिवस हळदीचं दूध दिलं होतं मी.

महालिंगप्पा : मला वाटलं कार्डामुळं. रोज ऐकतो, पण कधी ध्यानात आलं न्हाय. आज ऐकलं नीट.

भुवनेश्वरी : मी तर किती दिवसांनी ऐकायले.

महालिंगप्पा : शेवटाला तुला काय म्हणला गं त्यो? त्या दिवशी, निजताना.

भुवनेश्वरी : सकाळी लवकर उठव म्हणले.

महालिंगप्पा : शिवा, शिवा.

डबी : ओ अप्पा. बटण दाबलं न्हाई तुमी. अंगणात बसलाव का? आत या, अंधार पडलाय. गोळ्या घ्या, मग बसा निवांत.

महालिंगप्पा : आतच हाय रे म्या. आतच हाय.

भुवनेश्वरी : रडू नका.

महालिंगप्पा : किती मिनत्या करायलंय बघ पोरगं. दाबू का गं बटण? नुसतं. गोळी न्हाय घेत, नुसतं दाबतो. त्याला बरं वाटंल.

भुवनेश्वरी : तुमीच म्हणलाव, खोटं सांगायचं न्हाई.

महालिंगप्पा : म्हणलो खरं.

भुवनेश्वरी : अजून एकदाच बोलंल. पाच मिनिटं काढायची.

महालिंगप्पा : आता रागावंल त्यो. ल्हान होता तवा बी तिसऱ्यांदा सांगायला लागलं की लालबुंद व्हायचा.

भुवनेश्वरी : रागावू द्या. ऐकून घेऊ.

महालिंगप्पा : भाकरी झाल्यात का?

भुवनेश्वरी : झाल्यात. शेंगाची चटणी हाय, अन् दोडक्याची भाजी.

महालिंगप्पा : भूक न्हाय मला.

भुवनेश्वरी : मला बी न्हाई.

डबी : भुवना… अगं भुवना. अप्पा ऐकंनात वाटतं माझं. तू सांग बरं त्यांना. तुझं ऐकतेत ते, मला म्हाईत हाय. …आलो, आलो गं, एक मिनिट. रेकॉर्डिंग चाललंय हितं.

महालिंगप्पा : तुला म्हणला त्यो.

भुवनेश्वरी : व्हय.

महालिंगप्पा : नाव घेतलं तुझं. दोनदा घेतलं.

भुवनेश्वरी : व्हय, अप्पा. मीच हाक मारत होते तवा ह्यांना. ताट वाढून ठेवलं होतं.

महालिंगप्पा : परत बोलंल का गं?

भुवनेश्वरी : न्हाई. तीनदाच.

महालिंगप्पा : मग दे. ती तुझी पिवळी.

भुवनेश्वरी : ती जेवल्यावर, अप्पा. उठा, आदी भाकरी खा.